ओहोटीला बसलेली सून

टप्प. टप्प. टप्प.

मी तुमच्याएवढा होतो, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेलो असायचो, तेव्हा खाडीकडून हा आवाज यायचा. चिखलाचा गोळा चिखलावर पडला की असा आवाज होतो. गावातली माणसं बांधावर रांगेत उभी राहायची. गोळा या हातातून त्या हातात जायचा, आणि शेवटचा माणूस तो बांधाला पडलेल्या खिंडारात टाकायचा. त्या खिंडाराला आमच्याकडे खांड म्हणतात. ‘खांड गेली!’, म्हणजे बांध फुटला, अशी आरोळी उठली की घराघरातून माणूस धावायचा. चुलीवरचा भात करपला तरी चालेल, पण घरी थांबायचं नाही. तशी रीतच होती.

आई म्हणायची, झोप रे, त्यांचं ते बघतील. आणि मग ही गोष्ट सांगायची. आता तुम्हीही पडा. तारे, पाय आत घे. हं.

एक होतं गाव. धामणखार त्याचं नाव. एका अंगाला समुद्राची खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि मधे मातीचा बांध. बांध कशाला? तर खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून. खारं पाणी शिरलं की भात जळतो, बरं का. मग वर्षभर खायचं काय?

हा बांध दर पावसाळ्यात फुटायचा. तोही एकाच जागी.

मग गावाने काय केलं? बांध उंच केला. पुरुषभर होता, तो दीड पुरुष केला. तरी फुटला. मग डोंगरातले दगड आणून समुद्राकडच्या अंगाला रचले. तरी फुटला. मग समुद्राला नारळ दिला, हिरवी साडी दिली, हात जोडून म्हटलं, “बाबा, आमच्यावर का रागावलास?” समुद्र काही बोलला नाही. बांध पुन्हा फुटला.

मग सगळे गेले भगताकडे. भगत म्हणजे अंगात देव येणारा माणूस. त्याने तांदळाचे दाणे टाकले, डोळे फिरवले आणि म्हणाला, “बांध जीव मागतोय.”

“कुणाचा?” चाहू पाटलाने विचारलं. तो गावचा पुढारी.

“गावात सगळ्यात नवं जे माणूस आलं असेल, त्याचा. पुनवेच्या उधाणाआधी त्याला बांधात पुरा.”

घाबरू नका. मी आहे ना इथे.

गावात सगळ्यात नवी कोण? तर हिराजीची सून, आवडी. डोंगरावरच्या गावातून लग्न करून आलेली. तिने लग्नाआधी समुद्र पाहिलाही नव्हता. पाटील तिच्या दारात आला. तिचा नवरा पदाजी चांगला सुतार होता. आख्ख्या गावाची दारं त्यानेच केलेली. पण पाटलापुढे त्याची मान खाली ती खालीच. सासरा हिराजी खांबाला टेकून उभा राहिला. बोलली ती एकटी सासू. तिचं नाव गोमी.

“मला न्या की. मी काय वाईट आहे?”

“तू जुनी झालीस, गोमे,” भगत म्हणाला. “बांधाला जुनं चालत नाही.”

“तर तर! तुला बरं जुनं-नवं कळतं. तुझा बाप इथे माझ्या लग्नानंतर राहायला आलाय.”

लोक हसले, पण पाटील हसला नाही. आवडीने डोक्यावरचा पदर नीट केला. ती म्हणाली, “मामंजी, पाटीलबुवा, मी कुठे पळत नाही. पण ज्याला माझा जीव हवाय त्याला मी अजून पाहिलेलं नाही. मला एक भरती आणि एक ओहोटी बांधावर बसू द्या.”

“भरतीला बस. ओहोटीला बसून काय करशील?”

“का? तुम्ही ओहोटीला काय करता?”

“घरी जातो, जेवतो. अगं, ओहोटीला पाणी जातं, येत नाही! डोंगरातली ती डोंगरातलीच!” सगळे पुन्हा हसले. पण मरणाऱ्याची एक मागणी पुरी करायची असते. पाटलाने हो म्हटलं.

आता बघा हं. नाडीला गाठ बसली की वेदू काय करतो? जोरात ओढतो. सुटली नाही की आणखी जोरात ओढतो. गाठ कुठून बसली ते बघत नाही. गावाचं तसंच झालं होतं. आरोळी उठली की सगळे धावायचे, ते बांध फुटल्यावर. फुटताना तो कुणीच पाहिला नव्हता.

सकाळी भरती लागली. आवडी बांधावर बसली. शेजारी गोमी बसली, कारण ती ऐकेना. राखण करणारी माणसं समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. पाणी चढत चढत दगडांपर्यंत आलं, थपथप करत राहिलं, आणि उतरू लागलं. बांधाला काही झालं नाही. मग राखणदार घरी गेले, जेवायला.

आवडी मात्र उठली आणि पलीकडे तोंड करून बसली. शेताकडे.

“तिकडे काय बघतेस गं?” गोमी म्हणाली. “वैरी तर मागे आहे.”

“आत्याबाई, इकडेही पाणी आहे.”

आणि खरंच होतं. पावसाचं गोडं पाणी शेतात तुंबलं होतं, बांधाला टेकलं होतं. समुद्र खाली खाली चालला, आतलं पाणी तिथेच राहिलं. त्याला जायला वाट कुठे होती? मग त्या पाण्यात बुडबुडे आले. चिखल ढवळला. आणि नांगराएवढी एक नांगी वर आली.

चिंबोरी होती. चिंबोरी म्हणजे मोठी खेकडी. पण ही बैलगाडीएवढी! पाठीवर शेवाळं, डोळे काठ्यांवर ठेवल्यासारखे. ती बांधाची माती उकरायला लागली. शेताच्या बाजूने, बरं का. जिथे गावाने एकही दगड लावला नव्हता.

गोमीने आवडीचा हात घट्ट धरला. आवडी हळूच म्हणाली, “बाई, तुला माझा जीव हवाय का?”

चिंबोरीने एक डोळा तिच्याकडे वळवला. “तुझा? तुझं मी काय करू? तुला धड आडवं चालताही येत नाही.”

“मग बांध का फोडतेस?”

“मला समुद्रात जायचंय. माझ्या पोटाखाली अंडी आहेत. गोड्या पाण्यात माझी पोरं जगत नाहीत. तुमच्या आज्या-पणज्यांनी बांध घातला तेव्हा मी आतच राहिले. ओहोटीला मी भोक पाडते, तुंबलेलं पाणी त्यात घुसून भोकाचं भगदाड करतं. पाण्याचा जोर संपेपर्यंत मी थांबते, तोवर भरती येते आणि तुम्ही ओरडत येता. मी घाबरून चिखलात दडते. डोळे उघडते तो बांध पुन्हा बंद!”

काय तारे? खेकडी बोलते का? गोष्टीत बोलते. डोळे मीट.

आवडीला सगळं समजलं. पण आत्ता बांध फुटला तर गाव काय म्हणेल? बघा, जीव मागितला! आणि तिला तिथेच पुरतील.

“थांब,” ती म्हणाली. “खणू नकोस. मी तुला वाट करून देते.”

“माणसं थांब म्हणतात आणि आणखी माती घालतात,” चिंबोरी म्हणाली, आणि तिने नांगीत आवडीचा पदर पकडला. “भरती लागायच्या आत वाट कर. तोवर हा माझ्याकडे.”

आता आवडीला हलता येईना. दोघींनी माती उकरायची म्हटलं तर दिवस जाईल. गाव बोलवायचं, तर नव्या सुनेच्या हाकेला कोण येणार? गोमी उठली. लुगडं खोचलं, आणि गावाकडे धावत सुटली. पळता पळता ओरडली, “खांड गेली! खांड गेली!”

त्या आरोळीला घरी थांबायचं नाही, ही तर रीत. घराघरातून माणूस निघाला. टोपल्या, फावडी घेऊन सगळे बांधावर आले, आणि बघतात तो बांध धड. मग चिंबोरी दिसली.

आवडी म्हणाली, “इथे फोडा.”

“आम्ही? आमच्या हातांनी बांध फोडायचा?” पाटील ओरडला.

“आख्खा नका फोडू. हिच्या अंगापुरती चर काढा. दोन्ही कडांना फळ्या लावा, म्हणजे माती वाहणार नाही. समुद्र आता खाली आहे, तो येणार नाही. तो यायच्या आत आपण पुन्हा बुजवू.”

“आणि नाही बुजली तर?”

“तर खांड इथेच आहे, मी इथेच आहे, टोपल्या तुमच्या हातात आहेत. पुरा मला.”

कुणी हलेना. मग पदाजीने मान वर केली. तो घरी गेला, आणि आपल्याच घराचं दार उचकटून घेऊन आला. ते त्याने चरीच्या जागी एका कडेला उभं केलं. दुसऱ्याने दुसरं आणलं. फावडी चालायला लागली.

चर पडली. तुंबलेलं गोडं पाणी खळाळत खाडीत गेलं. त्याचा जोर ओसरला, तशी चिंबोरीने पदर सोडला. आडवी आडवी चालत, पोट जपत, ती चरीतून बाहेर पडली आणि समुद्रात गेली. भरती लागायच्या आत गावाने चर बुजवली. पुनवेचं उधाण आलं, दगडांवर आपटलं, परत गेलं. बांध टिकला.

पण बाळांनो, काम एवढ्यात संपलं नाही. पाऊस पडतच होता, पाणी पुन्हा तुंबणार होतं. म्हणून ते रोज ओहोटीला चर उकरत आणि भरतीआधी बुजवत. कंबरा मोडल्या. आवडी तेही बघत होती. एक दिवस ती म्हणाली, “ही फळी वरून टांगली तर? आतलं पाणी तिला बाहेर लोटेल, समुद्र तिला परत दाबेल.” पहिली फळी वाहून गेली. दुसरी अडकून बसली. तिसरीला पदाजीने खाली चौकट दिली, ती बरोबर बसली. ओहोटीला उघडे, भरतीला मिटे. तिला लोक उघाडी म्हणू लागले. चिंबोरीची पोरंही त्यातूनच येत-जात राहिली.

त्या वर्षी भात असा पिकला की कणग्या पुरेनात. खाडीत चिंबोऱ्याच चिंबोऱ्या झाल्या. गावातलं कुणी कधी उपाशी झोपलं नाही, आणि पुन्हा कधी कुणाला बांधात पुरायची गोष्ट निघाली नाही. सगळे सुखात राहिले. आवडीसुद्धा.

झालं. आता कूस बदला आणि निजा. वेदू झोपला वाटतं. तुला अजून ऐकायचंय, तारे? थोडंच उरलंय.

भात घरात आल्यावर गावाने बांधावर मांडव घातला. ढोल आणला. पाटील झेंडूचा हार घेऊन उभा राहिला. भगत म्हणाला, “मी सांगितलंच होतं, सुनेशिवाय बांध टिकायचा नाही!” सगळे खूप हसले. पदाजीही हसला.

“ये, सूनबाई,” पाटील म्हणाला. “या बांधाला आजपासून तुझं नाव.”

आवडी आली. तिने पाटलाकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, पदाजीकडे पाहिलं. तिला पुरायला निघालेली सगळी तीच माणसं होती. तिने वाकून गोमीच्या पायांवर डोकं ठेवलं, बराच वेळ. गोमीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिचा पदर नीट करून दिला.

मग आवडी उठली, हाराखालून वाकून पलीकडे निघाली, आणि बांधावरून सरळ डोंगराच्या, आपल्या माहेरच्या वाटेने चालू लागली.