हन्नाबाईनं सूप खाली ठेवलं

एका गावात एक सूप होतं. आता सूप काय, कुठल्या घरात नसतं? पण हे सूप चर्चच्या मालकीचं होतं आणि ते चालवणारी हन्नाबाई नावाची एक म्हातारी होती. दर सोमवारी सकाळी ती चर्चच्या ओसरीवर पाय पसरून बसायची आणि देवाला आलेलं धान्य पाखडायची. अशी वीस वर्षं गेली होती.

देवाला आलेलं धान्य म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. त्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत एक जुनी रीत होती. घरची बाई दळणाला बसली की पहिली मूठ देवाच्या नावानं बाजूला काढायची आणि मग घरासाठी दळायची. आठवड्याच्या मुठी रविवारी उपासनेला येताना आणायच्या आणि दाराशी ठेवलेल्या कणगीत ओतायच्या. ज्याची चूल थंड असेल त्यानं त्या कणगीतून न्यायचं. टाकताना कुणी बघायचं नाही आणि नेताना कुणी विचारायचं नाही, एवढाच काय तो नियम. ज्या म्हाताऱ्यांनी तो केला, त्यांना माणसाच्या मनाची चांगली ओळख असावी.

कणगीत खडे यायचे, किडका दाणाही यायचा. कुणाच्या घरचा, ते कळायला मार्ग नव्हता. "कुनाची तरी घाई झाली असंल," म्हणत हन्नाबाई खडे वेचून टाकायची आणि भुकेल्याच्या पिशवीत स्वच्छ ज्वारी जायची. वर्षातून एकदा कापणीचा सण यायचा. त्या आठवड्याच्या धान्याच्या भाकरी व्हायच्या आणि सगळी मंडळी आवारात एका पंगतीला जेवायची. ज्वारी हन्नाबाईनं निवडलेली असल्यामुळे भाकरी लोण्यासारखी लागायची.

सगळं नीट चाललेलं कुणाला बघवत नाही असं नाही, पण मंडळीच्या कारभाऱ्याला बघवलं नाही. कारभारी गावातला मोठा बागायतदार होता आणि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा. त्याला एकच दुःख होतं. आपण कणगीत एवढं ओततो, पण ते सगळ्यांच्यात मिसळून जातं आणि कुणाला दिसत नाही.

एके रविवारी उपासना संपल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "कणगीमुळे लोक आळशी झालेत. कोण देतो, कोण देत नाही, पत्ताच लागत नाही. यापुढे प्रत्येक घराचा वेगळा डबा असेल. त्यावर नाव असेल. डबे भिंतीला फळ्या मारून ओळीनं मांडू. मोठे वेदीजवळ, लहान दाराकडे. आणि ज्याचा डबा रिकामा, त्याला इथून धान्य मिळणार नाही."

पाळकसाहेब वेदीशी उभे होते. ते गरीब स्वभावाचे आणि गावात नवीन होते, शिवाय त्यांच्या घरावरची कौलं कारभाऱ्यानंच घालून दिली होती. त्यांनी मान डोलावली. पाळकांनी डोलावली म्हटल्यावर बाकीच्यांनीही डोलावली. कणगी मागच्या खोलीत गेली आणि तिच्यावर मोडकी बाकं रचली गेली.

पुढच्या रविवारी फळ्यांवर डबेच डबे दिसू लागले. सगळ्यांत पुढे कारभाऱ्याचा पितळी हंडा होता. बाकीच्यांनी चुन्यानं नावं लिहिली होती, यानं मात्र तांबटाकडून कोरून आणलं होतं. हंडा काठोकाठ भरलेला आणि वर टपोरी पांढरी ज्वारी. लोक येता-जाता त्याच्याकडे बघायचे आणि कारभारी लोकांकडे बघायचा.

सोमवारी हन्नाबाईनं हंडा सुपात ओतला. वरची चार बोटं ज्वारी बघण्यासारखी होती. त्याखाली दोन वर्षांपूर्वीचा किडका दाणा निघाला आणि तळाशी खळ्यावरची झाडलोट, माती, खडे, चिपाडं. म्हातारी सुपाकडे बघतच राहिली. वीस वर्षं बोटं दुखेपर्यंत तिनं ज्याची माती वेचली, त्याचं घर आज तिला सापडलं. बाकीचे डबेही तिनं उघडले. पुढच्या फळीवरच्या बऱ्याच डब्यांत थोड्याफार फरकानं हीच कथा होती, आणि दाराजवळच्या लहान डब्यांत मात्र निवडून आणलेला दाणा होता.

ती तडक पाळकसाहेबांकडे गेली. "सलाम, पाळकसाहेब. जरा हंड्यात काय आलंय ते बघा येऊन."

पाळकसाहेब बघायला उठले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "आजी, धान्य निवडणं तुमचं काम. माणसं निवडणं देवाचं. आपण कशाला मध्ये पडायचं?"

वाक्य ऐकायला किती गोड. अशा गोड वाक्यांच्या सावलीत काय काय निजलेलं असतं, ते पाळकसाहेबांना ठाऊक नसेल असं नाही. हन्नाबाई परत आली आणि तिनं मुकाट्यानं हंडा निवडला, कारण आतापर्यंत तिनं तेच केलं होतं.

असे काही महिने गेले आणि कापणीचा सण आठवड्यावर आला. त्या सोमवारी हन्नाबाई पाखडत बसली असताना रिबका आली. रिबकाचा नवरा दगडाच्या खाणीत कामाला होता. महिन्यापूर्वी त्याच्या पायावर दगड पडला आणि तेव्हापासून तो अंथरुणाला खिळून होता. घरात दोन लहान लेकरं. रिबकाच्या हातात रिकामी पिशवी होती आणि ती पदराआड धरली होती.

कारभारी तिथंच उभा होता. कुणाला किती द्यायचं, ते आता तोच ठरवत होता. त्यानं शेवटच्या फळीवरचा एक छोटा डबा उचलून हलवला. आत काही वाजलं नाही.

"रिबकाबाई, तीन रविवार झाले, तुमची मूठ नाही," तो म्हणाला.

"घरात दानाच नव्हता, कारभारी. मूठ कशातून काढू?"

"नियम सगळ्यांना सारखा. डब्यात नाही त्याला पिशवीत नाही. तुम्हाला दिलं तर उद्या सगळं गाव पिशवी घेऊन उभं राहील."

"दोन रोज लेकरांना नुसतं पानी पाजलंय."

"मग देवाला मागा," कारभारी म्हणाला आणि त्यानं डबा होता तिथं नीट मांडून ठेवला.

ज्या दारातून तिच्या सासूनं, आजेसासूनं वर्षानुवर्षं मुठी आत आणल्या, त्या दारातून रिबका रिकाम्या हातानं बाहेर गेली. हन्नाबाईनं सूप खाली ठेवलं. तिनं घरी जाऊन आपल्या मडक्यातली दोन शेर ज्वारी काढली आणि रिबकाच्या घरी नेऊन दिली. एकट्या म्हातारीच्या घरात दोन शेर ज्वारी म्हणजे काय, ते ज्यानं एकट्यानं दिवस काढले त्यालाच समजेल.

रिबकाच्या ओट्यावरून उठताना तिच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. चूक एकट्या कारभाऱ्याची नव्हती. त्याची माती आपण वेचत आलो, म्हणून तो दानशूर ठरला. आपल्या सुपानं गरिबाचं पोट राखलं हे खरं, पण त्याच सुपानं खोटेपणाही झाकला.

ती कारभाऱ्याच्या वाड्यावर गेली. "कारभारी, सणाच्या भाकरी माझ्याकडं हायेत. औंदा एक करावं म्हनते. ज्याच्या डब्यातलं धान्य, त्याचीच भाकरी त्याच्या पत्रावळीवर वाढू, नावाची चिठ्ठी लावून. जसं आलं तसं."

कारभाऱ्याचा चेहरा उजळला. "शाबास, आजी. मला हेच म्हणायचं होतं. ज्याचं त्याला दिसलं पाहिजे. आणि असं करा, शेजारच्या तालुक्याचे वडील पाळक, पाळकांतले सगळ्यांत मोठे, सणाला येणार आहेत. त्यांना माझ्या हंड्यातली भाकरी वाढा."

"वाढते," हन्नाबाई म्हणाली. "पन जसं आलं तसं, बरं का."

"हो, हो," कारभारी म्हणाला. त्यानं त्याच दिवशी घरोघर निरोप धाडला की सणाचं धान्य शुक्रवारपर्यंत डब्यात भरा, ज्याची भाकरी त्यालाच वाढली जाईल, पण 'जसं आलं तसं' हे शब्द त्यात नव्हते. आपल्याला नको ते ऐकायची त्याला सवय नव्हती. शहाणी चार घरं निरोप ऐकताच आपलं धान्य निवडायला बसली. पुढच्या फळीवरच्या बाकीच्यांना वाटलं, निवडायला हन्नाबाई आहेच की.

शनिवारी बायका दळायला जमल्या. हन्नाबाईनं सूप खुंटीला टांगलेलं बघून एकीनं विचारलं, "आजी, निवडायचं न्हाई?"

"न्हाई. डबा उघडायचा अन् जात्यात घालायचा. चिठ्ठी मातूर हुकवू नका."

हंड्याचं दळण जात्यात पडलं तशी जात्याची करकर रस्त्यापर्यंत ऐकू गेली. सगळे डबे झाल्यावर शेवटच्या फळीवरचा रिबकाचा डबा कुणीतरी रिकामा समजून बाजूला सारत होतं. हन्नाबाईनं तो हातात घेतला तर तो जड लागला. तळाशी ज्वारी होती, एकूण एक दाणा निवडलेला. म्हातारीनं आपली ज्वारी ओळखली. तिनं दिलेल्या दोन शेरांतूनही रिबकानं रोज चूल पेटवण्याआधी देवाची मूठ काढली होती. ज्या घरात दोन दिवस पाण्यावर निघाले होते, त्या घरानं. हन्नाबाईनं डबा कपाळाला लावला आणि ते दळण स्वतः दळलं. त्यात एकच भाकरी झाली.

रविवारी उपासना झाली आणि आवारात पंगत बसली. पहिल्या जागेवर वडील पाळक, त्यांच्या शेजारी कारभारी, मग पाळकसाहेब, आणि पार टोकाला दारापाशी रिबका आणि तिची लेकरं. रिबका येत नव्हती, हन्नाबाईनंच तिला हाताला धरून आणलं होतं. प्रत्येकाच्या पत्रावळीवर भाकरी आणि नावाची चिठ्ठी. वडील पाळकांच्या पत्रावळीवर कारभाऱ्याच्या नावाची. ती त्यांना नीट दिसावी म्हणून कारभाऱ्यानं स्वतः सरळ करून ठेवली.

प्रार्थना झाली. वडील पाळकांनी घास तोंडात घातला, एकदा चावला आणि थांबले. दाताखाली नुसती कच, आणि जिभेवर कुबट कडू चव. शेजारी कारभाऱ्यानं भुकेनं मोठा घास घेतला होता. त्याच्या दाढेखाली जात्यातून सुटलेला खडा आला आणि तो गाल धरून बसला. पंगतीत पुढच्या बाजूचे बरेच जण खाली मान घालून हळूहळू चावत होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"ही भाकरी कुणाच्या घरची?" वडील पाळकांनी विचारलं, आणि मग त्यांचं लक्ष चिठ्ठीकडे गेलं.

कारभारी तोंडातला घास हातावर काढून ओरडला, "हन्नाबाई, तुम्ही धान्य निवडलं नाही."

हन्नाबाई वाढायची टोपली खाली ठेवून समोर आली. "न्हाई निवडलं. तुम्हाला आधी सांगूनच न्हाई निवडलं. वीस वर्सं तुमच्या खळ्याची माती मी वेचली, कारभारी. तुमच्या नावाची ज्वारी खरं तर माझ्या बोटांची व्हती. ती माझीबी चूक झाली, ती मी आज मोडली. हे आज तुमच्या पानात आलं म्हनून तुम्ही वरडताय. गरिबाच्या पानात जानार व्हतं तवा तुम्हाला ते दान वाटत व्हतं."

"धर्माची गाय होती," पंगतीतून कुणीतरी पुटपुटलं, "दात कशाला बघायचे?"

"गाईचे नका बघू," हन्नाबाई म्हणाली. "आता आपापले बघा."

मग टोकाला रिबका उठली. तिच्या पत्रावळीवर एकच भाकरी होती. तिनं तिचा चतकोर मोडला, पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि वडील पाळकांच्या पत्रावळीवर ठेवला. "ही खावा," ती म्हणाली. "सोच्छ हाय."

वडील पाळकांनी तो चतकोर खाल्ला. त्यातला दाणा कुठून कसा आला, ते हन्नाबाईनं तिथंच सगळ्यांना सांगितलं, आणि सोमवारी रिबकाला रिकाम्या हातानं कसं परत पाठवलं तेही सांगितलं. एक शब्द गाळला नाही. वडील पाळक म्हणाले, "मी आजपर्यंत पुष्कळ वेदींसमोर उभा राहिलो. ह्या डब्यांसमोर उभं राहायची मला लाज वाटते."

तेव्हा पाळकसाहेब पहिल्यांदाच कुणालाही न विचारता उठले. त्यांनी आत जाऊन फडकं भिजवलं आणि डब्यांवरची चुन्याची नावं पुसायला लागले. मोडकी बाकं बाजूला करून त्यांनी कणगी स्वतः ओढत दाराशी आणली. त्या संध्याकाळी रिबकाची पिशवी भरली, ती शहाण्या चार घरांच्या ज्वारीनं.

कारभारी बरेच रविवार फिरकला नाही. मग एकदा आला, मुठीत ज्वारी घेऊन, आणि कुणाकडे न बघता कणगीत टाकून मागच्या बाकावर बसला. त्याच्या हंड्यावरचं नाव मात्र काही केल्या पुसलं जाईना, कोरलेलं होतं ना. शेवटी तो हंडा आवारात ठेवला. लांबून बैलगाडीनं येणाऱ्यांची जनावरं त्यात पाणी पितात, आणि ज्याला वाचता येतं तो नाव वाचतो.

हन्नाबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं नाही. ते तिनं चर्चच्या दाराला टांगलं. आता जो देवाला दाणा आणतो, तो आधी स्वतः पाखडतो आणि मगच कणगीत ओततो. खडे त्यानं आपल्याच घरी परत न्यायचे.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: देवाच्या नावानं दिलेलं भुकेल्याच्या पानात पडतं, म्हणून आपल्या पानात चालेल तेच द्यावं; आणि दुसऱ्याचे खडे मुकाट वेचत बसणाऱ्यानं आपण पुण्य करतो आहोत अशा समजुतीत राहू नये.