दुसऱ्याची पिशवी

एसटीत उभ्या माणसानं पिशवी पुढं केली की बसलेल्यानं ती मांडीवर घ्यायची. तुम्हीही घेता, नाही म्हणू नका. म्हाताऱ्या हौसाबाईनं घेतली आणि पोलिसांना तीत गांजा सापडला. पिशवीवाला केव्हाच उतरून पसार. खालच्या कोर्टानं म्हातारीला निर्दोष सोडलं, तर सरकारनं हायकोर्टात अपील केलं.

"सुटले म्हणता, मग परत बोलावता कशाला?" म्हातारी गोंधळलेली. या वयात तुरुंग म्हणजे तिथंच मरण.

सरकारी वकील सरपोतदार, मान कॉलरपेक्षा ताठ. म्हणाले, "अनोळखी माणसाची पिशवी कुणी शहाणा हातात घेईल का?"

जजसाहेबांनी विचारलं, "आजी, काही सांगायचंय?"

म्हातारी उठली आणि आपल्या हातातली पिशवी पुढं करत शेजारच्या सरपोतदारांना म्हणाली, "दादा, एवढी धरा जरा. साहेबांना हात जोडते."

सरपोतदारांनी पिशवी धरली. म्हातारीनं सावकाश हात जोडले. "आता यांना विचारा साहेब, आत काय आहे ते."

सरपोतदार एकदा पिशवीकडं, एकदा जजकडं बघत राहिले. "माहीत नाही, साहेब."

"मलाही नव्हतं," म्हातारी म्हणाली.

अपील फेटाळलं. पिशवीत नुसत्या भाकरी होत्या. सरपोतदार मात्र अजून बायकोला विचारतात, "अगं, पण मी ती घेतलीच कशी?"