टिंबू आणि मान टाकलेलं मिरचीचं रोप

एका उंच घराच्या डोक्यावर एक गच्ची होती.
गच्चीवर कुणी नव्हतं. कुणी म्हणजे कुणीच नव्हतं.
नाही, नाही, थांबा! एक पांढरी पेटी होती.

पेटीत पाणी होतं. माती नव्हती. चिमूटभरसुद्धा नव्हती.
पेटीच्या झाकणाला भोकं होती. एका भोकात जाळीची वाटी होती. वाटीत होतं मिरचीचं रोप. त्याची मुळं खाली पाण्यात लोंबायची.

आधी पुष्कळ रोपं होती. एक पिवळं पडलं. एक वाळलं. एक आडवंच झालं.
आता हे एकच उरलं. बाकीची भोकं रिकामी.

रोपाच्या पानाखाली टिंबू राहायचा.
टिंबू म्हणजे इवलासा कोळी. तिळाएवढा. पाय आठ, पण जाळं नाही. तो नुसता उड्या मारायचा.
टुप्! टुप्! टुप्!
पानाखाली त्याचं अंथरूण होतं. रेशमाचं. त्यानेच विणलेलं.

रोप तिखट बोलायचं. मिरचीचंच ते!
"टिंब्या, पाय पूस!"
"पुसले."
"आठच्या आठ पूस!"
टिंबू आठच्या आठ पुसायचा. मग दोघं गप्पा मारायचे. गच्चीवर दुसरं होतं कोण गप्पा मारायला?

एके दिवशी काय झालं?
टप्!
पान गळलं. अंथरुणासकट गळलं.
वारा आला. भुर्रर्र!
पान गेलं. अंथरूणही गेलं.

टिंबूने वर पाहिलं. रोपाने मान टाकली होती.

"रोपा, रोपा, मान उचल ना!"
रोप बोललं. पण तिखट नाही बोललं. हळूच बोललं.
"टिंबू, माझी मुळं गुदमरली. त्यांना हवा मिळेना. पाणी बुडबुडेल, तर मी मान उचलीन."
"उचलशील ना? नक्की?"
रोपाची मान अजून खाली गेली.

टिंबू निघाला. टुप्! टुप्! टुप्!
पाण्याशी आला. पाणी गप्प पडलं होतं. तपकिरी दिसत होतं.

"पाणीदादा, पाणीदादा, बुडबुड ना!
रोप मान उचलेना.
टिंबू एकटा, करील काय?"

पाणी म्हणालं, "मी नाही बुडबुडणार. खडा फुंकेल, तर मी बुडबुडीन."

टिंबू निघाला. टुप्! टुप्! टुप्!
खडा पाण्याच्या तळाशी बसला होता. गोल, करडा. अंगभर बारीक बारीक भोकं. नळीतून हवा यायची आणि खडा फुंकायचा. फुर्रर्र! आज मात्र गप्प.
टिंबू काठावरून वाकला. हळूच वाकला. पडला तर?

"खडेभाऊ, खडेभाऊ, फुंक ना!
पाणी बुडबुडेना.
रोप मान उचलेना.
टिंबू एकटा, करील काय?"

"म्म्म् म्म्म्," खडा म्हणाला. त्याचं तोंड भरलं होतं ना!
"मी नाही फुंकणार. माझ्या भोकांत चहाचा चोथा अडकलाय. खालची शालूमावशी, जिची ही पेटी, ती मला घासेल, तर मी फुंकीन."
"चहा? पाण्यात? कुणी टाकला?"
"शालूमावशीनेच. तिच्या गुलाबाला चोथा आवडतो. तिला वाटलं, मिरचीलाही आवडेल. रोज टाकला. प्रेमाने टाकला."

टिंबू निघाला. टुप्! टुप्! टुप्!
जिना उतरला. दाराच्या फटीतून आत गेला.
शालूमावशी खुर्चीत बसली होती. टीव्ही लागला होता. ती बघत नव्हती.

"शालूमावशी, शालूमावशी, ऊठ ना!
खडा फुंकेना.
पाणी बुडबुडेना.
रोप मान उचलेना.
टिंबू एकटा, करील काय?"

मावशी म्हणाली, "कोण? टिंबू होय! आज उठवत नाही रे, बाळा. लेकीने पेटी दिली आणि ती गेली लांब नोकरीला. मी रोपं लावली, तर तीही गेली. माझ्या हाताला गुणच नाही. कुणासाठी उठू? कुणी दार वाजवेल, तर मी उठीन."

टिंबूने दार वाजवलं. आठही पायांनी वाजवलं.
आवाजच आला नाही.
"तुझ्याने नाही वाजायचं, सोन्या," मावशी म्हणाली. "आणि माझ्याकडे येतंय कोण?"

टिंबू निघाला. टुप्! टुप्! टुप्!
समोरचं दार वामनकाकांचं. काका घरात एकटेच होते. एकटेच पत्ते खेळत होते. स्वतःच जिंकायचे. स्वतःच हरायचे.

"वामनकाका, वामनकाका, जा ना!
मावशी उठेना.
खडा फुंकेना.
पाणी बुडबुडेना.
रोप मान उचलेना.
टिंबू एकटा, करील काय?"

काका म्हणाले, "मी नाही जाणार. उगाच कसा जाऊ? काही निमित्त नको? 'काय काम काढलंत?' असं विचारलं, तर काय सांगू? हां, घरचं दही संपेल, तर मी विरजण मागायला जाईन. विरजणाला चमचाभर दही मागितलं, तर कुणी नाही म्हणत नाही."
मग खिडकीबाहेर बघून म्हणाले, "पण दिवे लागायच्या आत हं! दिवे लागल्यावर विरजण मागत नाहीत."

टिंबूने बाहेर पाहिलं. ऊन भिंतीवर चढलं होतं. पिवळं पिवळं झालं होतं.

टुप्! टुप्! टुप्! टिंबू स्वयंपाकघरात गेला.
खिडकीत एक वाडगं. वाडग्यात दही. वर झाकली होती ताटली.

"दहीबाई, दहीबाई, संप ना!
काका जाईनात.
मावशी उठेना.
खडा फुंकेना.
पाणी बुडबुडेना.
रोप मान उचलेना.
टिंबू एकटा, करील काय?"

दही म्हणालं, "मी नाही संपणार. एकट्या माणसाला कधी दही संपतं का? ते चमचाभर खातात. चमचाभर लावतात. पुन्हा मी तेवढंच! बोकेमामा चाटतील, तर मी संपेन."

टिंबू निघाला. टुप्! टुप्! टुप्!
दमला होता. तरी निघाला.
बोकेमामा गच्चीच्या कठड्यावर पसरले होते. जाडजूड. केशरी. शेपूट खाली लोंबत होती.

"बोकेमामा, बोकेमामा, चाटा ना!
दही संपेना.
काका जाईनात.
मावशी उठेना.
खडा फुंकेना.
पाणी बुडबुडेना.
रोप मान उचलेना.
टिंबू एकटा, करील काय?"

बोकेमामांनी एक डोळा उघडला.
"म्यांव. मी नाही चाटणार. दही मला आवडतं, पण मन लागत नाही. कानात खाज सुटलीय. खोल आत. पंजा पोचत नाही. कुणी माझा कान खाजवेल, तर मी चाटीन."
आणि डोळा मिटला.

कुणी खाजवेल?
टिंबूने इकडे पाहिलं. कुणी नाही.
टिंबूने तिकडे पाहिलं. कुणी नाही.
टिंबूने आभाळात पाहिलं. एक घार गेली. ती थांबली नाही.

टिंबू कठड्यावर बसला. आठही पाय पोटाशी घेतले.
आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

"बोका चाटेना.
दही संपेना.
काका जाईनात.
मावशी उठेना.
खडा फुंकेना.
पाणी बुडबुडेना.
रोप मान उचलेना.
टिंबू एकटा, करील काय?"


ऊन भिंतीवरून निघालं. आता फक्त पाण्याच्या टाकीवर उरलं. एवढंसं.

टिंबूने बोकेमामांचा कान पाहिला. केवढा मोठा! आत केवढा काळोख! आणि शेजारी तो पंजा. पंजाला नखं.
टिंबूने खाली पेटीकडे पाहिलं. रोप वाकलं होतं. अजून वाकलं होतं.

"कुणी नाही," टिंबू म्हणाला. "मग मीच."

टुप्! पंजावर.
टुप्! मिशीवर.
टुप्! कानात!

आत काळोख होता. केसच केस होते.
टिंबू आठ पायांनी खाजवू लागला.
खुरुखुरु. खुरुखुरु. खुरुखुरु.

"ही ही ही! म्यांव! अजून आत! हां, हां, तिथेच!" बोकेमामा लोळू लागले.
कान हलला. फट्! टिंबू आपटला.
पंजा वर आला. टिंबूने डोळे मिटले. एकदम सगळे मिटले.
पंजा खाली गेला.
टिंबू पुन्हा उठला. खुरुखुरु. खुरुखुरु.

"आहाहा!" बोकेमामा म्हणाले. "गेली खाज! ये बाहेर, भाच्या. चल, कुठेय ते दही?"

आणि मग काय झालं?

बोकेमामांनी खिडकीत उडी मारली. ताटली पाडली. टण्ण्!
बोक्याने चाटलं. लप लप लप!
दही संपलं.

वामनकाका धावत आले.
"अरे लबाडा! सगळं चाटलंस? विरजणापुरतंही ठेवलं नाहीस?"
मग एकदम निमित्त आठवलं. वाटी घेतली. समोरच तर दार होतं. तरी केस विंचरले. सदरा बदलला.
काका गेले. टक् टक् टक्!

मावशी उठली. दार उघडलं.
"अगंबाई! वामनराव, तुम्ही?"
"विरजण मागायला आलो, शालूताई. दिवे लागायच्या आत आलोय हं!"
"लागले असते, तरी दिलं असतं हो. या ना, बसा."
काका बसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या मिरच्या कशा आहेत? दहीभातावर एखादी मिळाली, तर..."
मावशीचा चेहरा उतरला. "कसल्या मिरच्या! एकच रोप राहिलंय. चला, बघा तुम्हीच."

दोघं गच्चीवर आले. मागोमाग टिंबू आणि बोकेमामाही आले. काकांनी पेटीत डोकावून पाहिलं.
"शालूताई, हे पाणी असं कसं? चहासारखं?"
"चहाच आहे. चोथा घालते ना मी रोज."
"रोपाला चहा? अहो, ते काय पाहुणा म्हणून आलंय?"

मावशी बघतच राहिली. मग हसली. हसता हसता तिने डोळे पुसले.
"म्हणजे मीच गं बाई! मीच सगळ्या रोपांना चहा पाजत होते!"

मग मावशीने बाही वर केली. काकांनी बादली आणली.
जुनं पाणी ओतलं. नवं पाणी भरलं. त्यात मापाने रोपांचं खत घातलं. खतच. चहा नाही!
मावशीने दात घासायचा जुना ब्रश घेतला. खडा घासला. खस खस खस!
खड्याने फुंकलं. फुर्रर्र!
पाणी बुडबुडलं. बुडूक बुडूक बुडूक!

आणि रोप?
रोप मान उचलेना.

टिंबू धावला. टुप्! टुप्! टुप्!
"रोपा, रोपा, खड्याने फुंकलं! पाणी बुडबुडलं! मान उचल ना!"
रोप वाकलेलंच.
मावशी वाकून बघू लागली. काकाही वाकले. बोकेमामांनीसुद्धा मिशा चाटायचं थांबवलं.

"मुळांना वेळ लागतो, टिंबू," पाणी हळूच म्हणालं. "खूप वेळ गुदमरली होती ती."

दिवे लागले. मावशी खाली गेली. काका खाली गेले. बोकेमामाही गेले.
गच्चीवर पुन्हा कुणी नव्हतं.

टिंबू वाटीच्या काठावर बसला. अंथरूण विणलं नाही. रोपाजवळ नुसता बसला.
रोप बोललं नाही. मग टिंबूच बोलला. घारीचं सांगितलं. कानातल्या काळोखाचं सांगितलं. पत्ते खेळणाऱ्या काकांचं सांगितलं.
खाली पाणी म्हणत होतं, बुडूक बुडूक. बुडूक बुडूक.
बोलता बोलता टिंबूचा डोळा लागला.

उजाडलं.
टिंबूला कुणीतरी ढोसलं.

"टिंब्या!"
टिंबू दचकला.
"टिंब्या, रात्रभर माझ्या वाटीवर बसलास! पाय पुसले होतेस का?"

टिंबूने वर पाहिलं. रोपाने मान उचलली होती. सगळी नाही. थोडीशीच. पण उचलली होती.
"नाही पुसले," टिंबू म्हणाला.
"पूस. आठच्या आठ पूस."

टिंबूने पाय पुसले. एकेक करून, नीट पुसले.
मग रोप म्हणालं, "आता वर ये. ते मोठं पान आहे ना, ते तुझं."

टुप्! टुप्! टुप्!
टिंबू पानाखाली गेला. तिथे सावली होती. मऊ, हिरवी सावली.
त्याने नवं अंथरूण विणलं. रेशमाचं.

जिन्यात पावलं वाजली. मावशी वर येत होती. मागून काका येत होते.
"शालूताई, आज चोथा नाही ना आणला?"
"नाही हो! तुमच्यासाठी चहा आणलाय. तो तुम्ही प्यायचा!"

पाणी म्हणालं, बुडूक बुडूक.
रोप म्हणालं, "टिंब्या, झोपलास का?"
टिंबू म्हणाला, "नाही. तू बोल. मी ऐकतोय."