रहिवासी की प्रवासी?

अमेरिकेत ओहायो नदीच्या उत्तरेला एक नवं राज्य स्थापन झालं. तिथे रहिवाशाला गुलाम ठेवायला बंदी होती. फक्त वाटेवरच्या प्रवाशाला आपला गुलाम सोबत आणता येई. नदीपलीकडच्या, गुलामगिरी चालणाऱ्या केंटकीतून आलेल्या कर्नल रकर नावाच्या जमीनदाराने त्यातून पळवाट काढली. तीन वर्षं तो तिथेच राहत होता, पण त्याची गुलाम स्वयंपाकीण डायना हिच्याबद्दल कुणी विचारलं की म्हणे, "मी तर प्रवासी!"

पुढे तो विधानसभेवर निवडून आला आणि गुलामगिरी खुली करणारं विधेयक त्याने मांडलं. ते मंजूर झालं असतं, तर डायनाच्या सुटकेची आशाच संपली असती. मतदानाच्या सकाळी तिने विरोधी बाजूच्या पिकेट नावाच्या सभासदाला गाठलं. "त्यांना भर सभेत एवढंच विचारा," ती म्हणाली, "तुम्ही रहिवासी की प्रवासी?"

पिकेटने विचारलं. कर्नल ताडकन उठला. "अर्थात रहिवासी! नाहीतर मत कसं देईन?"

"मग डायना आत्तापासून स्वतंत्र."

"छे, छे! तिच्यापुरता मी प्रवासी!"

"मग बाहेर व्हा," अध्यक्ष म्हणाले. "प्रवाशाला इथे मत नाही. काय ते एक ठरवा."

सभागृहात हशा पिकला. कर्नलला खुर्ची सोडवेना. घाम पुसत तो पुटपुटला, "रहिवासी." कारकुनाने ते लिहून घेतलं. मतदान झालं, आणि विधेयक तरीही चार मतांनी पडलं.

संतापलेल्या कर्नलने दारात उभ्या असलेल्या डायनाला फर्मावलं, "सामान बांध! आजच केंटकीला परत जायचं."

डायना जागची हलली नाही.

"सुखाने जा, साहेब," ती म्हणाली. "मी इथली रहिवासी आहे."