मुरुडशेंगेला पीळ पडला त्याची गोष्ट

मुरुडशेंग अजून काठीसारखी सरळ होती, तेव्हाची ही गोष्ट. बाळगुटीच्या डब्यात ती सदा थरथरायची, कारण रोज सहाणेवर उगाळली जाऊन ती निम्मीच उरली होती.

एके दिवशी बाळाच्या पोटात कळ उठली. आईने डबा उघडताच शेंग हिरड्याखाली दडली.

"हिरडेकाका, मला झाका हो! आज मी संपणार."

"दड, बये. पण कानही झाकून घे."

बाळाच्या प्रत्येक किंकाळीसरशी शेंगेला एकेक पीळ पडत गेला. मग बाळाचा आवाजच बसला. त्या शांततेला शेंग सहाणेपेक्षा जास्त भ्याली आणि आपण होऊन वर आली.

आईने सहाणेवर तिचे सात वेढे उगाळून बाळाला चाटवले. थोड्या वेळाने दुपट्यात तोफ उडाली आणि बाळ हसलं.

नखभर उरलेली शेंग डब्यात परतली.

"गेली का गं भीती?" हिरड्याने विचारलं.

"कुठली जातेय, काका! पण उद्या ते रडलं, तर मला वरच ठेवा."