धारेवरचा हाळकरी

एका राज्यात ठमाबाई नावाची एक बाई खरं बोलत होती, आणि एक माणूस तिचं ऐकेल तर शपथ! राजाने ऐकलं नाही, प्रधानाने ऐकलं नाही, आणि विहिरीवरच्या बायांनी तर तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

"माझे घरधनी पळाले नाहीत," ती सांगे. "ते वर धारेवर आहेत. पहाटे त्यांचा खोकला ऐकू येतो."

"धारेवर धुकं आहे, बाई. धुक्यात वारा असतो. वारा खोकतो."

"जन्मभर उशाशी ऐकलेला खोकला मला कळणार नाही, तर काय राजवैद्याला कळणार?"

त्या राज्याच्या पाठीशी एक डोंगर होता. डोंगराची धार अशी अरुंद की चालणाऱ्याचा एक पाय या दरीचा, दुसरा त्या दरीचा. पण माथ्यावर उभं राहिलं की सगळं राज्य परातीत वाढल्यासारखं समोर येई. तिथे राजाचा हाळकरी राही. त्याच्या हाती सोन्याचं शिंग. कुण्या जादूगाराने कुण्या जुन्या राजाला दिलेलं. त्यातून बोललेला शब्द राज्याच्या वेशीपर्यंत पोचे. रोज सकाळी हाळकरी हाळी देई: "पूर्वेला ढग आहेत, वाळवण उचला. नदी चढते आहे, गुरं अलीकडे घ्या." राज्य त्याच्या डोळ्यांनी बघे आणि त्याच्या शब्दावर चाले.

हा हाळकरी म्हणजे ठमाबाईचा नवरा. सगळी हाळी देऊन झाली की तो जरा थांबे आणि म्हणे, "आणि खालच्या आळीत सांगा, धूर निघतोय."

खालची आळी म्हणजे ठमाबाई, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिचं माहेर नदीपल्याड. पावसाळ्यात नदी फुगे, नावा बंद होत, त्या थेट दसऱ्यापर्यंत. पलीकडे तिची म्हातारी आई एकटी. माथ्यावरून त्या घराची कौलं दिसत. कौलांतून धूर निघाला म्हणजे म्हातारीने चूल पेटवली, चूल पेटवली म्हणजे म्हातारी बरी आहे.

"राजाच्या शिंगातून बायकोला निरोप!" बाया चिडवत. "आमच्या धन्याच्या तोंडातून साधा शब्द निघत नाही."

"मग जळता कशाला? तुम्हीही धाडा वर," ठमाबाई फणकारे, आणि आत जाऊन एकटीच हसे.

त्या साली श्रावणात ठमाबाईला ताप भरला. दिवसामागून दिवस गेले, तिच्या पोटात अन्नाचा कण राहीना. ती नुसती सकाळच्या हाळीची वाट बघत पडून राही. एका सकाळी हाळी आली, शेवटी "धूर निघतोय" आलं, आणि ती उठून बसली. म्हणाली, "द्या ती पेज इकडे." वाटीभर प्यायली.

त्याच घटकेला धारेवर धुकं उतरलं. ते पुन्हा उठलं नाही. दुसऱ्या दिवशी हाळी आली नाही, तिसऱ्या दिवशी आली नाही. राजाचे शिपाई वर गेले, हाताला हात दिसेना म्हणून परत आले, आणि दरबाराने ठरवून टाकलं: हाळकरी सोन्याचं शिंग घेऊन पळाला. राज्य आंधळं झालं. नदी चढली ते कुणाला कळलं नाही, गुरं वाहून गेली.

भाद्रपद सरता सरता राजाने ठमाबाईला बोलावलं.

"बाई, तो वर आहे म्हणतेस, तर घेऊन ये. शिंगासकट. नाही आणलास तर आमच्या राज्याची वेस ओलांड."

"आणते," ठमाबाई म्हणाली. "आणि आणल्यावर तुम्हा सगळ्यांना बघते."

राजाशीही ती असंच बोलली. तिला दुसरं बोलणं येतच नव्हतं.

तिने कासोटा घट्ट मारला, भाकरीचं फडकं कमरेला बांधलं आणि निघाली. डोंगराच्या पायथ्याशी एक टिटवी उभी होती. टिटवी म्हणाली, "कुठे गं?" त्या राज्यात टिटव्या बोलत.

"नवऱ्याला आणायला. तो वर आहे. कुणाला खरं वाटत नाही."

"मी झोपताना पाय वर करते, आभाळ पडू नये म्हणून," टिटवी म्हणाली. "तेही कुणाला खरं वाटत नाही. चल, मी येते."

वाट आधी सोंडेवरून चढत होती. सगळा घसारा. एक पाऊल वर टाकावं तर दोन पावलं खाली यावं. अर्ध्या चढावर वाट अडवून एक घोरपड पडली होती, खाटेएवढी.

"मागे वळून बघ," घोरपड म्हणाली. "काय दिसतं? दिसतं तेवढंच सांग. फुगवून सांगशील तर घसरशील, झाकून सांगशील तरी घसरशील."

ठमाबाईने वळून बघितलं. "राजाच्या महालाची पुढची भिंत रंगवली आहे, मागची कलंडली आहे. प्रधानाच्या गंजीत आहे ते गवत गावच्या गायरानातलं आहे. आणि माझ्या अंगणात, माझ्याच बाजेवर, शेजारीण पापड वाळत घालते आहे. अगं सटवे, मी अजून वेस ओलांडली नाही!"

घोरपड इतकी हसली की खालचे दगड गडगडत गेले. "धर माझं शेपूट," ती म्हणाली, आणि घसारा संपेपर्यंत ठमाबाईला ओढून घेऊन गेली.

"हे सोपं होतं," टिटवी म्हणाली. "दुसऱ्याचं खरं बोलायला तुला काय लागतं?"

पुढे धार सुरू झाली. विळीच्या पात्यासारखी. डावीकडे दरी, उजवीकडे दरी, आणि दोन्हींतून धुकं वर येत होतं, उतू जाणाऱ्या दुधासारखं. धारेच्या मधोमध वावटळ नावाची एक जादूगारीण बसली होती आणि टकळीवर वारा कातत होती. टकळी फिरे तसा वारा वाढे.

"काय दिसतं?" तिने विचारलं.

"दगड. दरी. आणि तू, पांढरे केस पिंजारून बसलेली."

"आणि आत?"

"आत काय? आत भाकरी आहे."

टकळी गरगरली. वाऱ्याने ठमाबाईचा पदर उचलला, मग एक पाय उचलला. ती दगडाला घोरपडीसारखी चिकटली.

"आत काय दिसतं ते सांग," वावटळ म्हणाली.

जन्मभर ठमाबाईने सगळ्यांना एकच सांगितलं होतं: मी कुणाच्या बापाला भीत नाही. सासूला सांगितलं, सावकाराला सांगितलं, आता राजालाही जवळजवळ तेच सांगून आली होती.

"बोल, बाई," टिटवी ओरडली. "तुझा हात सुटतोय!"

"भीती वाटते!" ठमाबाई किंचाळली. "झालं समाधान? भीती वाटते मला!"

"पडण्याची?"

"पडण्याची कसली! पडले तर मेले, संपलं. ते वर नसतील याची वाटते. सगळे म्हणतात तेच खरं असेल याची."

वावटळीने टकळी मांडीवर आडवी ठेवली. वारा पडला. "आता बसून जा," ती मऊ आवाजात म्हणाली. "दोन्हीकडे पाय सोड, घोड्यावर बसतात तशी. धारेवरून ताठ चालणारे फार दिवस टिकत नाहीत."

ठमाबाई बसून गेली. तळवे सोलले, लुगडं फाटलं, पण गेली. टिटवी पुढे उडत होती आणि मागे वळून सारखी सांगत होती, "खाली बघू नको, खाली बघू नको," आणि त्यामुळे ठमाबाईला सारखं खालीच बघावंसं वाटत होतं.

माथ्यावर पोचली आणि धुकं फाटलं. ठमाबाईने आख्खं राज्य पहिल्यांदा बघितलं. सात नद्या, सातही उन्हात चमकत. तळी कुणी थेंब थेंब सांडल्यासारखी. भाताची खाचरं पोपटी, नाचणीची उतारावरची वरकस जमीन तांबूस, आणि दूर, आभाळ संपतं तिथे समुद्राची निळी किनार. कारवी फुलून सगळा डोंगरउतार जांभळा झाला होता. एवढं सगळं हे रोज बघतात, तिला वाटलं, आणि एवढ्यातून निवडून चार कौलं शोधतात.

मग तिला माणसं दिसली. दगडाची. ओळीने उभी, शेवाळ चढलेली, तोंडं महालाकडे. कितीतरी.

"अहो!" ठमाबाईने हाक मारली.

सगळे दगड एकदम हलले. सगळे कुणाचे ना कुणाचे नवरेच होते.

टिटवी हसून हसून गडबडा लोळली. "अगं, नावाने हाक मार की!"

"नवऱ्याला? नावाने? जीभ झडेल माझी! कोण आहेत ही माणसं?"

"जुने हाळकरी. शिंग शापाचं आहे. त्यातून दिसतं तेच सांगायचं. ज्याने एकदा खोटं सांगितलं, तो दगड झाला. कुणी भीतीने सांगितलं, कुणी लाच खाऊन."

"मग आमचे इथे नाहीत," ठमाबाई म्हणाली. "ते खोटं बोलत नाहीत."

तेवढ्यात मागे कुणीतरी खोकलं.

ओळीच्या टोकाला एक दगड वेगळा उभा होता. महालाकडे पाठ करून. त्याचं तोंड नदीकडे, आणि हातात सोन्याचं शिंग. ठमाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तेच नाक, तोच वाकडा खांदा.

"इथे आहात होय!" ती ओरडली. "खाली लोक तुम्हाला चोर म्हणतात, मी एकेकाशी भांडते, आणि तुम्ही इथे थंडगार! काय खोटं सांगितलंत? कुणासाठी?"

दगड काय बोलणार. तिने त्याच्या गालाला गाल लावला आणि तो बघत होता तिकडे बघितलं. त्या बाजूचं धुकं अजून उठलं नव्हतं. ती बघत राहिली तशी त्यात फट पडली. नदी दिसली. पलीकडचा फणस दिसला. फणसाखालचं घर दिसलं. दाराला बाहेरून कडी होती. कौलांवर गवत वाढलं होतं, हिरवंगार, गुडघाभर. खालून ऊब लागत असती तर ते वाढलं नसतं.

धूर नव्हता. तो फार दिवसांपासून नव्हता.

ठमाबाई दगडाच्या पायाशी बसली.

"त्या सकाळी मी पेज प्यायले," ती हळू म्हणाली. "तुमच्या शब्दावर प्यायले हो."

टिटवी खाली उतरून तिच्याजवळ बसली.

तेव्हा शिंग बोललं. "काय दिसतं?"

"तुला काय करायचंय?"

"ज्याच्यापासून लपवलं त्याने बघून सांगितलं, तरच शाप सुटतो. काय दिसतं?"

न बोलावं, तर आई आहे. बोलावं, तर नाही. नुसतं तोंड मिटून बसलं तर आणखी दोन दिवस आई चुलीपुढे बसेल, फुंकणीने निखारे फुंकेल. ठमाबाईने दगडाच्या पायाला डोकं टेकलं. पाय गार होते. हिवाळ्यात हे पाय रोज रात्री तिच्या पायांना लागत आणि ती रोज ओरडे.

"काय दिसतं?" शिंगाने तिसऱ्यांदा विचारलं.

ती उठली. दगडी बोटांतून शिंग काढून घेतलं, तोंडाला लावलं.

"धूर निघत नाही!" ती म्हणाली. "माझी आई गेली!"

ते वेशीपर्यंत ऐकू गेलं. विहिरीवर बायांच्या हातातले दोर थांबले. राजा जेवत होता, त्याने घास खाली ठेवला.

आणि दगड कोमट झाला. शेवाळ गळालं. पापण्या हलल्या. हाळकऱ्याने एक मोठा खोकला काढला आणि पहिला शब्द बोलला तो असा: "पेज प्यालीस?"

"प्याले!" ठमाबाई रडत म्हणाली. "म्हणून तर जिवंत आहे तुम्हाला शिव्या द्यायला!"

"सांगणार होतो गं. ताप उतरला की सांगणार होतो."

"ताप कधीच उतरला. सांगायला तुम्ही कुठे होतात?"

मग दोघं एकमेकांना धरून म्हातारीसाठी रडली, पोटभर. भाकरी उरली होती ती तिघांनी खाल्ली. बाकीचे हाळकरी उठले नाहीत. त्यांचा काळ केव्हाच सरला होता. पण शाप त्यांनाही सोडून गेला आणि ते साधे दगड झाले, ऊन खाणारे. टिटवी त्यांच्या आडोशाला राहिली.

पायथ्याशी सगळं राज्य जमलं होतं. पुढे राजा, मागे प्रधान, त्यामागे विहिरीवरच्या बाया. शेजारणीने पापड उचललेले होते.

"चोरी झाली नव्हती, हे आम्हाला कळलं," राजा म्हणाला. "नाव सोडायला सांगितली आहे, बाई. पूर असला तरी आमचे नावाडी उद्या तुम्हा दोघांना पलीकडे नेतील. तिथून आलात की हाळकऱ्याची जागा त्याचीच आहे. पण राज्य आंधळं राहिलं, गुरं गेली. आपला रिवाज तुला माहीत आहे. दोष कुणाचा ते शिंगातून एकदा सांगायचं. सांगितलं की मिटलं. पुन्हा कुणी तो विषय काढायचा नाही."

"दोष त्या जादूगाराचा," प्रधान घाईने म्हणाला. "असलं शिंग दिलंच कशाला?"

"दोष नदीचा," कुणी म्हणालं.

"आमचाच," एक बाई पुटपुटली. "ती सांगत होती, आम्ही हसलो."

"तुमचा आहेच," ठमाबाई म्हणाली. "पण तो मी एकेकीला तोंडावर सांगेन. त्याला शिंग लागत नाही."

तिने शिंग उचललं. हाळकरी तिच्या कानाशी आला. "खरं तेच सांग," तो कुजबुजला. "मला वाचवायला जाशील आणि दगड होशील. फार गार वाटतं गं."

तिने त्याच्याकडे बघितलं. बघता बघता तिचे कान लाल झाले, नव्या नवरीचे होतात तसे. चारचौघांत तिने त्याचा हात धरला, शिंग तोंडाला लावलं आणि वेशीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली:

"जो मला जगवायला राज्याशी खोटं बोलला, दोष त्याचा. त्याचं नाव खेमाजी."