थोरला, धाकटा आणि कपाटातली टेप

इंटरनेट नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. सावंतवाडीतल्या एका लहान कंपनीत ईमेल सांभाळणारा एक सर्व्हर होता. गिऱ्हाईकं वाढली, तसा मालकांनी त्याच्या शेजारी दुसरा आणून ठेवला. थोरला जे करील ते धाकट्याने त्याच क्षणी करायचं, म्हणजे एक बंद पडला तरी पत्रं शाबूत राहतील, असा नियम ठरला.

पत्रांची नक्कल उतरवून ठेवणाऱ्या कपाटातल्या जुन्या टेपला दोघं हसायचे. "आठवड्यातून एकदा लिहून घेते आणि झोपते! काय गं आजीबाई, आज वार कोणता?"

एकदा नव्या पत्रांसाठी जागा रिकामी करताना थोरल्याने चुकून इंदूताई या गिऱ्हाईकाची सगळी पत्रं पुसली. जहाजावर नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने पाठवलेली होती ती.

"धाकट्या, तुझ्याकडची दे बघू लवकर!"

"माझ्याकडची? तू पुसलीस तशी मीही पुसली."

"अरे, पण का?"

"नियमच तसा आहे ना, दादा?"

दोघंही गोंधळले. नियम तर कोणीच मोडला नव्हता, मग पत्रं गेली कशी?

कपाटातून टेप म्हणाली, "गेल्या रविवारपर्यंतची माझ्याकडे आहेत, बाळांनो. तुम्ही पुसत होतात तेव्हा मी झोपले होते."